पुरातत्त्वाच्या व्याख्यानात हात वर करायचा, तर विचारायचं काय?

ऐकतेमनापासून

नमस्कार. माझी नोकरी हिशेबाची, पुरातत्त्वाशी कामाचा काही संबंध नाही. पण प्राचीन समाजांवर कुठे जाहीर व्याख्यान असलं की जमेल तेव्हा जाऊन बसते, वहीत टिपणं काढते. अलीकडे मोहेंजोदडोवर दोन वेगवेगळ्या वक्त्यांना ऐकलं. पहिले म्हणाले, शहरावर बाहेरून हल्ला झाला, माणसं घरांत आणि गल्ल्यांत मारली गेली आणि सांगाडे तसेच पडून राहिले. दुसऱ्या वक्त्या म्हणाल्या, अशा हल्ल्याला पुरावाच नाही. पडद्यावर फोटो मात्र दोघांनीही तोच दाखवला, एका खोलीत एकमेकांवर पडलेल्या सांगाड्यांचा.

घरी आल्यावर वहीची दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचली. दोघंही अभ्यासू, दोघंही ठाम. "ज्याचं त्याचं मत" म्हणून हे सोडून द्यायला मन तयार होत नाही. माणसं मारली गेली किंवा नाही गेली, दोन्ही खरं कसं असेल?

व्याख्यान संपल्यावर प्रश्नांना जेमतेम दहा मिनिटं असतात. त्यातली निम्मी अशा लोकांकडे जातात, ज्यांना प्रश्न नसतो, स्वतःचं भाषण करायचं असतं. मला त्या वेळात एकच नेमका प्रश्न विचारता यावा असं वाटतं, ज्याच्या उत्तरावरून समोरचं सांगणं किती भक्कम आहे हे माझ्यासारखीलाही कळेल. असा प्रश्न असतो का? वक्त्यांचा अपमान होईल असं काही विचारायचं नाही, हेही सांगून ठेवते.

खापरचित्र

असा प्रश्न असतो. "हे कोणत्या थरात सापडलं, आणि त्याच थरात आणखी काय होतं?" यात अपमान तर नाहीच, उलट ज्यांनी स्वतः खोदलंय त्यांचा चेहरा हा प्रश्न ऐकला की खुलतो.

तुमच्याच उदाहरणावर बोलू. मोहेंजोदडोचे ते सांगाडे बहुतेक १९२० च्या दशकातल्या उत्खननांत निघाले. त्या वेळी तिथे वस्तूची नोंद व्हायची ती मुख्यतः ठरावीक पातळीपासून किती खोल सापडली अशी, मातीच्या थराप्रमाणे नव्हे. (थर म्हणजे एकेका काळात साचलेली माती, खालची आधीची, वरची नंतरची.) पुढे ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पाला खोदलं, तिथली तटबंदी पाहिली आणि तटबंदी, सांगाडे, वेदांतली पुरं, म्हणजे तटबंदीची ठाणी फोडणाऱ्या इंद्राची वर्णनं असं सगळं एकत्र जोडून आर्यांच्या हल्ल्याचा सिद्धान्त मांडला. गोष्ट इतकी चित्रमय होती की शाळेच्या पुस्तकांपर्यंत पोचली.

१९६४ मध्ये अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी जुन्या नोंदी काढून सांगाडा न् सांगाडा तपासला. कुठला कुठे होता, किती खोल होता, वर काय होतं, खाली काय होतं. निघालं असं, की ते सगळे एका वेळचे नाहीतच. काही तर आधीची घरं पडून गेल्यावर त्या ढिगाऱ्यात कुणीतरी घाईने पुरलेले दिसतात. शहरभरातून मिळालेले सांगाडेच मुळात चाळीसच्या आसपास. लढाई झाली असती तर ती जिथे व्हायला हवी, त्या उंच तटबंदीच्या भागात एकही नाही. जळालेला थर नाही, हत्यारांचा खच नाही. नंतर मानवी हाडांचे अभ्यासक केनेथ केनेडी यांनी ती हाडं तपासली, तर जीव जाईल अशा जखमांच्या खुणाही जवळजवळ सापडल्या नाहीत. म्हणजे फोटो खरा, सांगाडे खरे. "एकाच दिवशी, एकाच कारणाने मेले" एवढंच कुठून आलं, ते कुणी विचारलेलं नव्हतं. तुमच्या दुसऱ्या वक्त्या बरोबर होत्या.

माझ्या मनात व्हीलरांबद्दल आदरच आहे. १९४४ मध्ये ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि तक्षशिलेला शिबिर घेऊन त्यांनी इथल्या तरुणांना थर ओळखत खोदायला शिकवलं. डेल्स यांनी जो प्रश्न विचारला, तो विचारायची शिस्त इथे रुजवणाऱ्यांत व्हीलर स्वतः होते.

हे एवढं कळकळीनं सांगतेय, कारण माझं कामच थरांवर चालतं. मी खापरांची रेखाटनं करते. उत्खननातून पिशव्या येतात आणि प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी असते. त्यावर जागेचं नाव, चराचा म्हणजे खोदलेल्या खड्ड्याचा क्रमांक, थर, किती खोल सापडलं ते, तारीख. खापर धुऊन, वाळवून माझ्याकडे येतं. काठाचा तुकडा असेल तर तो सपाट पृष्ठावर उलटा टेकवायचा, डोळा त्याच्या रेषेत आणायचा आणि तुकडा हळूहळू कलवत राहायचं. काठाच्या खालून दिसणारी उजेडाची फट बंद झाली की भांडं मुळात ज्या कोनात उभं असायचं तो कोन हाती आला. मग एकात एक वर्तुळं काढलेल्या तक्त्यावर तो काठ जुळवून बघायचा, की तोंडाचा व्यास कळतो. कागदावर मधे उभी रेघ मारायची, एका बाजूला भांड्याचा छेद, म्हणजे उभं कापल्यावर दिसेल तसा आकार, आणि दुसऱ्या बाजूला बाहेरचं रूप. बोटभर लांबीच्या तुकड्यातून अख्ख्या रांजणाचं तोंड उभं राहतं. इतकी वर्षं करतेय, तरी तो क्षण मला अजून आवडतो.

पण पिशवीतली चिठ्ठी गहाळ असेल तर ते खापर बाजूला जातं. कितीही देखणं असू दे. महाराष्ट्रातल्या ताम्रपाषाणयुगातलं, जोर्वे पद्धतीचं, लाल अंगावर काळी नक्षी असलेलं, टिचकी मारली की धातूसारखं खणकन वाजणारं खापर असलं तरीही. ते कुठल्या काळचं हे सांगता येईल, पण त्या घरात कोण राहत होतं, चुलीजवळ काय ठेवलेलं होतं, शेजारचं घर त्याच वेळी नांदतं होतं का, यातलं काहीही ते सांगू शकत नाही. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात माती सरळ रचलेली नसते. नंतरच्या लोकांनी खड्डे खणलेले असतात, उंदरांनी बिळं केलेली असतात, वरची वस्तू घसरून खाली गेलेली असते. म्हणून थर नुसता विचारू नका, त्याच थरात सोबत काय होतं तेही विचारा.

दुसरा प्रश्न तारखेबद्दलचा. कार्बन-१४ म्हणजे सजीवांच्या अवशेषांत उरलेल्या एका प्रकारच्या कार्बनवरून वय काढायची पद्धत. वक्ते "कार्बन-१४ नुसार" म्हणाले की विचारा, "तपासलं काय होतं? लाकडाचा कोळसा की धान्याचा दाणा?" कार्बन-१४ ची पद्धत विलार्ड लिबी यांनी १९४९ मध्ये पुढे आणली, १९६० मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं, आणि पद्धत विश्वासाची आहे. पण ती सांगते ते त्या सजीवाचा तो भाग वाढायचा थांबला तेव्हाचं साल. जुन्या झाडाच्या गाभ्यातला कोळसा असेल, किंवा आधीच्या घराची तुळई नव्या घराला वापरली असेल, तर तारीख घरापेक्षा शे-दोनशे वर्षं मागे जाऊ शकते. जळका जवाचा दाणा एका हंगामाचा असतो, म्हणून त्याची तारीख जवळची. पडद्यावरच्या तारखेपुढे ± असं, म्हणजे किती वर्षं मागेपुढे होऊ शकते ते, लिहिलेलं नसेल, तर तेही विचारायला हरकत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. टिपणं काढताना वहीच्या पानाचे दोन उभे भाग करा. डावीकडे जे मातीत दिसलं ते, उजवीकडे त्यावरून जे म्हटलं ते. इनामगावचं घ्या. घोड नदीकाठची ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या लोकांची वस्ती, साधारण इ.स.पू. १६०० ते ७००. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. सांकळिया, अन्सारी, ढवळीकर यांचं ते काम. सव्वाशेहून जास्त घरं उघडी केली. डावीकडे लिहायचं: लहान मुलं दोन कुंभांची तोंडं एकमेकांना लावून, त्यात ठेवून, घराच्या जमिनीखाली पुरलेली. मोठी माणसं बहुतेक उताणी पुरलेली आणि त्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले. उजवीकडे: मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून असं करत असावेत. डावीकडे: वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचं एक घर, त्याच्या शेजारी धान्याची कोठारं. उजवीकडे: हे वस्तीच्या प्रमुखाचं घर, म्हणजे इथे धान्य गोळा करून वाटणारा कुणी नायक होता.

उजवीकडची दोन्ही विधानं मला पटतात. ढवळीकरांनी त्यांची कारणं नीट दिली आहेत. पण ती उजवीकडची आहेत हे ध्यानात असलं, की व्याख्यान ऐकायची पद्धतच बदलते. कुणी उद्या म्हणालं की ते घर अनेक कुटुंबांचं सामाईक होतं, तर डावीकडची एकही ओळ खोडावी लागत नाही. चांगला वक्ता एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाताना स्वतःच सांगतो, की आता मी अंदाज करतोय. ते वाक्य कानावर पडलं की समजा, चांगल्या ठिकाणी येऊन बसलोय.

पडद्यामागून

खापरचित्र यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा. मी अनेक वर्षं अशा व्याख्यानांच्या आयोजनात आहे, त्या बाजूने थोडी भर.

प्रश्न एका वाक्यात लिहून आणा आणि पहिला हात तुमचा असू द्या. पहिल्या प्रश्नाला वक्ता सविस्तर उत्तर देतो, पाचव्यापर्यंत संयोजक घड्याळ दाखवू लागलेला असतो. तो मी असतो, म्हणून सांगतोय. राहूनच गेलं तर खाली उतरल्यावर गाठा. स्वतः खोदलेली माणसं तेव्हा जास्त मोकळी बोलतात, कित्येकदा मोबाइल काढून व्याख्यानात न दाखवलेले फोटो दाखवतात. चराच्या उभ्या भिंतीचा, म्हणजे छेदाचा फोटो मागून बघा. थर म्हणजे काय, हे त्या एका फोटोत समजतं.

कार्यक्रम निवडताना विषयापेक्षा स्वरूप बघत जा. खापरं, दगडी हत्यारं हातात घेऊन बघायला मिळणार असतील तर ते सोडू नका. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन, १८ मेचा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन आणि ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारचा आंतरराष्ट्रीय पुरातत्त्व दिन, या तारखांच्या आसपास संग्रहालयं आणि विद्यापीठं असे कार्यक्रम ठेवतात. ज्यांना बाहेर पडणं शक्य नाही त्यांच्यासाठी ब्रिटिश म्युझियम, पेन म्युझियम यांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. तुर्कस्तानातल्या चाताल्होयुक या प्राचीन वस्तीच्या उत्खनन चमूने तर आपल्या नोंदी आणि खोदताना लिहिलेल्या दैनंदिन्यासुद्धा इंटरनेटवर खुल्या केल्या. कुणाचं काय ठरत नव्हतं, कुणाचं कुणाशी पटत नव्हतं, सगळं त्यात वाचायला मिळतं.

शीर्षकात "रहस्य" किंवा "दडवलेला इतिहास" असेल, तर मी आधी वक्त्याने कुठे खोदलंय किंवा काय तपासलंय ते विचारतो.

मोकळाश्रोता

थोडा वेगळा सूर लावतो. तुम्ही सांगता तसं प्रत्येक वाक्याला थर विचारत बसलो तर ऐकण्यातला आनंद उरेल का? मी जातो तो त्या माणसांना भेटायला. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी आपलं तान्हं मूल घराच्या जमिनीखाली पुरलं, त्याच घरात पुढे राहिलं, हे ऐकलं की माझा घसा दाटतो. मला व्यास आणि छेद नकोत. आणि सामान्य लोकांना पुरातत्त्वाची गोडी लावली ती गोष्टी सांगणाऱ्यांनीच. व्हीलर १९५० च्या दशकात बीबीसीच्या टीव्हीवर वस्तू ओळखण्याच्या कार्यक्रमात यायचे, १९५४ मध्ये ते ब्रिटनमधले टीव्हीवरचे सर्वांत लोकप्रिय व्यक्तिमत्त्व ठरले. ती गोडी लागली नसती तर पुढे थर विचारायला कोण आलं असतं?

खापरचित्र

मोकळाश्रोता, तुमचा घसा ज्यानं दाटतो ते डाव्या बाजूचं आहे! मूल पुरलेलं होतं, कुंभ होते, वर घराची सारवलेली जमीन होती, आणि ती जमीन नंतरही वापरात होती. हे सगळं थरांनीच सांगितलं. कुंभाचा खड्डा जमीन फोडून खाली गेलाय की जमीन त्याच्यावरून सलग गेलीय, हे खोदणाऱ्यानं गुडघ्यावर बसून, करणीनं माती खरवडत पाहिलं नसतं, तर ते मूल त्या घरातल्या लोकांचं की शंभर वर्षांनंतर पडक्या जागेत आलेल्यांचं, हे कधीच कळलं नसतं. गोष्टीला माझा विरोध नाही. ती गोष्ट त्या माणसांची असावी, आपण त्यांच्यावर घातलेली नसावी, एवढंच मागणं.

असं घातल्याचं एक ठळक उदाहरण देते. स्वीडनमधल्या बिर्का इथे १८७८ मध्ये एक थडगं उघडलं. त्यात तलवार, कुऱ्हाड, भाले, बाण, दोन घोडे, खेळाच्या सोंगट्या. शस्त्रं आहेत म्हणजे पुरुष योद्धा, असं शंभराहून जास्त वर्षं सांगितलं गेलं. २०१७ मध्ये त्या हाडांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ती व्यक्ती स्त्री निघाली. त्यावर लगेच वाद सुरू झाला, की शस्त्रं पुरलेली म्हणजे ती लढत होती असं कशावरून. तो प्रश्न योग्यच आहे. पण पुरुष समजत होते तेव्हा हा प्रश्न इतक्या जोरात कुणी विचारला नव्हता, याचं मला वाईट वाटतं. त्या बाईची गोष्ट एवढी वर्षं दुसऱ्याच कुणाची म्हणून सांगितली जात होती.

ऐकतेमनापासून

सगळ्यांचे मनापासून आभार. वहीचे दोन भाग आजपासून. जुनी टिपणं त्या नजरेनं परत वाचली, तर काही व्याख्यानांत डावी बाजू जवळपास रिकामी राहतेय. त्यांतलं एक मला खूप आवडलं होतं.

एक शंका. कार्बन-१४ चा प्रश्न मी एका छोट्या कार्यक्रमात विचारून पाहिला. वक्ते म्हणाले, आमच्या जागेचा काळ असा आहे की कार्बन-१४ तिथे फारसं उपयोगी पडत नाही, म्हणून आम्ही खापरांवरूनच ठरवलं. हे टाळाटाळीचं उत्तर की खरंच असं असतं?

दुसरं, पुढच्या महिन्यात गोबेकली टेपे या तुर्कस्तानातल्या प्राचीन जागेवर व्याख्यान आहे. तिथे काय विचारू?

खापरचित्र

त्यांची जागा साधारण इ.स.पू. ८०० ते ४०० या काळातली असेल तर उत्तर प्रामाणिक आहे. वातावरणातलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम सारखं नसतं. त्या चारशे वर्षांत ते अशा रीतीनं बदललं, की आठव्या शतकातला दाणा आणि पाचव्या शतकातला दाणा प्रयोगशाळेत जवळजवळ एकाच वयाचे दिसतात. अशा वेळी खापरांचा क्रम कामाला येतो, कारण काठाची घडण आणि भांड्याचे आकार पिढ्यांगणिक बदलत जातात. फक्त त्यांना पुढचं विचारा, की खापरांचा तो क्रम कुठल्या जागेवरून घेतला आणि तिथे तो थरांत एकावर एक असा मिळालाय का.

गोबेकली टेपे ऐकायला जाच, तिथलं चित्र डोळ्यांसमोर बदललंय. क्लाउस श्मिट यांनी १९९५ पासून खोदायला घेतलं. टी आकाराचे अखंड दगडी खांब, काही साडेपाच मीटर उंच, वर कोल्हे, साप, गिधाडं कोरलेली, आणि काळ इ.स.पू. साडेनऊ हजारांच्या आसपास. शेती यायच्या आधीचा. श्मिट यांचं म्हणणं होतं, की इथे कुणी राहत नव्हतं, हे डोंगरावरचं देवस्थान, आजूबाजूचे शिकारी इथे जमायचे. जगभर हेच पोचलं. २०१४ मध्ये ते गेले. त्यानंतरच्या खोदकामात राहत्या घरांसारख्या इमारती पुढे आल्या, धान्य दळायची दगडी साधनं मोठ्या संख्येनं असल्याचं नीट मोजलं गेलं. आता तिथले संशोधक स्वतःच जुनं चित्र दुरुस्त करून सांगतात.

वक्ते "पहिलं मंदिर" म्हणून थांबले, तर राहत्या घरांबद्दल विचारा. ते घरांबद्दल आपणहून बोलले, तर पाण्याचं विचारा. डोंगरमाथ्यावर झरा नाही, आणि पावसाचं पाणी धरून ठेवायची व्यवस्था केल्याच्या खुणा सापडल्या आहेत असं संशोधक सांगतात. पाणी वाहून नेणारे ते चर आणि टाकी खांबांच्याच काळातली की नंतरची, आणि ते कशावरून ठरवलं, हे मलाही ऐकायचंय. उत्तर मिळालं तर इथे नक्की लिहा.